समुद्राचा वास

नववीतल्या रीनाचा बाप तलावातल्या मासोळ्या धरून तुमसरच्या बाजारात विकायचा. "अंगाले वास येते," म्हणून हेडसरांनी तिला सगळ्यांपासून तोडून दाराशी बसवलं होतं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत रत्नमाला मॅडमना वर्गाला समुद्रातले प्रवाह दाखवायचे होते. काचेच्या टाकीत मधोमध पत्रा, एका बाजूला गरम लाल पाणी, दुसऱ्या बाजूला निळं. पण निळं थंडगार करायला बर्फ आणायचा कुठून? शाळेत फ्रीज नाही. रीना घरी पळाली आणि बापाच्या मासोळीच्या पेटीतला बर्फ घेऊन आली. ओंजळीओंजळीनं तिनं तो निळ्या पाण्यात टाकला.

तेवढ्यात हेडसर नाक दाबत आत शिरले. "प्रयोगशाळा हाये का मच्छीबाजार? फेका ते पानी! अन् ही पोट्टी इथं कायले? जाय दाराशी!"

रीना जागची हलली नाही. तिनं पत्रा वर ओढला. निळं पाणी लाल पाण्याच्या खालून सरसर सरकत थेट पलीकडच्या काचेला भिडलं. सगळा वर्ग बाकं सोडून टाकीभोवती, तिच्याभोवती दाटला.

"समुद्र हाये सर हा," रीना म्हणाली. "वास तं येईनच. ज्याले सोसत नसन, त्यानं दाराशी बसावं."