चौकशीचा चहा

"केनियाला कशाला चाललास?" हवालदारानं विचारलं आणि भारतनं आतल्या दाराकडं पाहिलं.

आतल्या दाराशी त्याची बहीण आकांक्षा चहाचं आधण ठेवून उभी होती. सकाळपासून तिनं भावाकडून एकच उत्तर घोटून घेतलं होतं. फिरायला. एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण हा पोरगा चर्चच्या तरुण मंडळाबरोबर तिकडं लहान मुलांचं शिबिर घ्यायला चालला होता, आणि खोटं बोलू नये ही गोष्ट मुलांना सांगायची कामगिरी नेमकी याच्याच वाट्याला आली होती. परभणीच्या पुढं कधी न गेलेला हा प्रचारक आता मंठ्यातल्या आपल्याच घरात घाम पुसत बसला होता.

"फिरायला," तो शेवटी म्हणाला.

"मंठ्याहून केनियाला? फिरायला?" हवालदार भागवत हसला नाही. "कोण हाये तिथं तुमचं?"

"दोस्त हायेत त्याचे," त्यांचा बाप संपत मध्येच बोलला. "मोबाईलवरचे."

आकांक्षानं कपाळाला हात लावला.

पासपोर्टची चौकशी तशी साधी असते. घर खरं आहे का, पोरगा खरा आहे का, झालं. पण या घराला झाकून ठेवायला एक गोष्ट होती. आजोबांच्या काळापासून सगळे दर रविवारी चर्चला जात, आणि कागदावर मात्र सगळे हिंदू, अनुसूचित जातीचे. ख्रिस्ती आहोत असं एकदा कागदावर आलं की जातीचा दाखला गेला. त्याच दाखल्यावर आकांक्षाची आरोग्यसेविका म्हणून निवड झाली होती आणि पडताळणी अजून व्हायची होती. परीक्षा देऊन देऊन तिचे डोळे खोल गेले होते. हवालदारानं अहवालात नको ती एक ओळ लिहिली आणि ती कुणी पुढं सरकवली, तर सगळं पाण्यात. तिला भावाचा राग येत होता आणि कीवही येत होती.

सकाळीच त्यांनी भिंतीवरचा क्रूस उतरवून ज्वारीच्या डब्यात लपवला होता. त्या खिळ्यावर शेजाऱ्यांकडून मागून आणलेला राजूरच्या गणपतीचा फोटो टांगला. फोटो लहान पडला. क्रूसाच्या दोन्ही हातांची टोकं भिंतीवर पांढरी उमटून राहिली होती, आणि हवालदार मघापासून तिकडंच बघत होता.

"राजूरला जाता का?"

"दर अंगारकीला," संपत म्हणाला. "बिलकुल चुकवत न्हाई."

"पायी का गाडीनं?"

"पायी," संपत म्हणाला. त्याच वेळी भारत म्हणाला, "गाडीनं."

हवालदारानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडं पाहिलं.

"या कोण?"

"माझी आई. सगुणाबाई. तिला ऐकायला कमी येतं," संपत घाईघाईनं म्हणाला.

आकांक्षा चहा घेऊन बाहेर आली. बशीत चहा सांडला तो तिनं पदरानं पुसला, एक कप हवालदारापुढं ठेवला, एक आजीच्या हातात दिला.

पोलिसाशी एक शब्दही बोलायचा नाही, असं आजीला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं. आजी शब्दाची पक्की. ती पोलिसाशी एक शब्द बोलली नाही. तिनं कप हातात धरून डोळे मिटले आणि रोजच्या सवयीनं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, देवाशी बोलायला लागली.

"हे आकाशातल्या बापा, हा चहा जिनं केला तिचं भलं कर. दारात आलेल्या पाव्हण्याच्या लेकराबाळांना सुखात ठेव. आमचं पोरगं समुद्रापल्याड तुझं काम करायला चाललं, त्याला धड ने अन् धड आण. प्रभू येशूच्या नावानं मागते रे बाबा…"

संपतनं तिचा गुडघा दाबला. आजीनं डोळे उघडले. मुलाचं तोंड पाहिलं, नातवाचं पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. पुढचा शब्द तिनं गिळून टाकला.

गेली नोकरी, आकांक्षाच्या मनात आलं. हवालदाराचे पाय धरावेत का? म्हातारीला भ्रम झालाय, ती काहीही बडबडते, असं सांगावं का? शब्द अगदी जिभेवर आले होते. पण जिनं आत्ता सगळ्यांत आधी आपलं भलं मागितलं, तिलाच वेडी ठरवायचं? आकांक्षाला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं खाली बघतच बोलायला सुरुवात केली.

"साहेब, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. माझी आजी खोटं न्हाई बोलली. खोटं आम्ही बोलून राह्यलो."

पेनाचा आवाज येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आवाज आला नाही. तिनं मान वर केली.

हवालदाराचा चहा तसाच होता. त्यानं मान खाली घातली होती, हात जोडले होते आणि डोळे मिटलेले होते.

"आजी," डोळे न उघडता, म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "आमेन राह्यलं."