डॉक्टरचं बोट

शेजारच्या अनुसयाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं आणि पाय थेट चेतनापुढे लांब केला.

"पहिले मन्हं दखी ले. तू तठे गयी म्हंजे मंग कोन दखी?"

ओट्यावर आणखी चौघी जणी आपापलं दुखणं घेऊन बसल्या होत्या. रनाळ्यात आज एकच बातमी होती: बन्सीलालची चेतना विलायतेला डॉक्टर व्हायला निघाली. बातमी खुद्द बन्सीलालनेच गावभर केली होती. सकाळी मोबाईल वाजला, पोरीने अंगणात उडी मारली, "आबा, मन्ही निवड व्हयनी! बठ्ठा खर्च विद्यापीठवालाच करतीन!" एवढं ऐकून तो चप्पल न घालताच बाहेर पळाला होता.

त्याचा तरी काय दोष? सहा महिने ही पोरगी गच्चीवर फेऱ्या मारत अवयवांची नावं घोकत होती. हँड, फिंगर, क्नेओ, हेआफोद. एकदा त्याने तिच्या पुस्तकात डोकावलं, तर पानभर माणसाचा पंजा काढलेला आणि बोटाबोटाला नाव दिलेलं. अवयव पाठ करणारी पोर दुसरं काय होणार? त्याने मनाशी पक्कं केलं आणि विचारायचं राहूनच गेलं. चेतनाला वाटलं, आबांना सगळं कळलंय. बापलेक दोघंही खुशीत होते, फक्त निरनिराळ्या.

आता समोर गुडघा आला, तेव्हा कुठे चेतनाला उमगलं की आबांनी भलतंच धरून ठेवलंय. निवड झाली म्हणून काय झालं? आबांच्या होकाराशिवाय ती नंदुरबारच्या स्टेशनापर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हती, आणि होकार त्यांनी डॉक्टरकीला दिला होता.

तेवढ्यात चेतनाची आई, प्रमिलाबाई, औक्षणाचं तबक घेऊन बाहेर आल्या. मागोमाग बन्सीलाल, नवी टोपी घालून. "सरका, सरका. टिळा मी लावसू. मन्ही अंडेर शे, मन्ही पोर."

"आबा," चेतना म्हणाली, "मी डॉक्टरकी शिकाले नही जाई ऱ्हायनी."

"मंग?"

"जुनी इंग्रजी. हजार वरीस पहिलेनी. तव्हयना लोके हातपायले काय म्हनेत, का म्हनेत, ते शिकाले."

ओट्यावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बन्सीलालचा चेहरा हळूहळू उतरला.

"निस्ती नावं?"

"हा, आबा."

"नाव लिधं म्हंजे दुखनं जास का कोनं?" तो प्रमिलाबाईंकडे वळला. "ते तबक मजार ठी ये."

चेतनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. प्रमिलाबाई उंबऱ्यातच थबकल्या. आत जायचं की थांबायचं, त्यांना कळेना. आणि बन्सीलालची करंगळी कानात गेली. अडचणीत सापडला की ती जायचीच. सोसायटीची सभा असो की सोयरीक, करंगळी कानात घालून तो ती गदगदा हलवायचा. आताही हलवायला लागला.

चेतना बघतच राहिली. मग एकदम ओरडली, "आबा! तेच बोट!"

करंगळी कानातच थांबली.

"त्या लोके तेले कानबोट म्हनेत. एआरफिंगर! कान कोरानं बोट म्हनीसन!"

बन्सीलालने बोट बाहेर काढलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. "हजार वरीस पहिले?"

"हा!"

"गोरा लोकेबी असंच करेत?"

"असंच, आबा! तुमनासारखंच!"

अनुसयाबाई फिसकन हसल्या. चेतनाला आता डोळे पुसायचंही भान नव्हतं. सहा महिने गच्चीवर एकटीने केलेली मजा तिला आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगायला मिळत होती. बन्सीलाल मात्र हसला नाही. त्याने करंगळी मिटली आणि तिच्या शेजारचं बोट वर केलं. आपण त्याला अनामिका म्हणतो, म्हणजे बिननावाचं.

"आनि हाई?"

"लॅचेफिंगर," चेतना म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. "लॅचे म्हंजे वैद्य. याच बोटघाई तो औषध कालवे, म्हनीसन हाई डॉक्टरनं बोट."

ओट्यावरच्या सगळ्या बायांनी आपापला हात डोळ्यांपुढे धरला. प्रमिलाबाईंनीही धरला, तबक दुसऱ्या हातात सांभाळत. अनुसयाबाईंनी मात्र फार विचार केला नाही. त्यांनी चेतनाचा हात ओढला, बाकीची बोटं मिटवली आणि उरलेलं एक आपल्या गुडघ्यावर टेकवलं.

"मंग लाव ना आठे. आनि मन्हा गुडघाले काय म्हनेत, तेबी सांग."

"क्नेओ," चेतना म्हणाली.

अनुसयाबाईंनी डोळे मिटले. "आजून एकदाव."

"क्नेओ."

"बरं वाटस वं माय," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर हसण्याची एकच लाट उठली. मागच्या दोघी पुढे सरकल्या, आता आमची पाळी म्हणून.

बन्सीलाल उंबऱ्यापाशी गेला आणि प्रमिलाबाईंच्या हातातलं तबक त्याने काढून घेतलं. मग स्वतःच्या पंजाकडे बघत पुटपुटला, "हाई कानवालं... हाई नही. तेन्हा शेजारनं." ते बोट त्याने कुंकवात नीट बुडवलं आणि पोरीसमोर येऊन उभा राहिला.

चेतना हसत होती, रडत होती, तिची मान काही केल्या स्थिर राहीना.

"हालू नको," बन्सीलाल म्हणाला. "डॉक्टरनं बोट शे."