आडवाटेचं रक्त

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. "नवनाथराव, कमरेतून डाव्या पायाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे. पण आजूबाजूच्या या बारीक वाहिन्या बघा. त्यांनीच वाढून, वळसा घालून पायाला रक्त पोचवलंय. रोज चालत होता म्हणून पाय वाचला."

"चालते ती मी, डॉक्टर," दीपमाला म्हणाली. "रोज स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानातून घरापर्यंत, तीन किलोमीटर. हे चाकणहून कंपनीच्या बसनं येतात, बस दारात सोडते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा म्हटलं तरी यांचा पाय दुखतो."

"दुखत असणारच. पण थांबत थांबत का होईना, वर्ष-दोन वर्षं हे नेमानं चाललेत. एवढं जाळं उगाच होत नाही."

दीपमाला नवऱ्याकडे वळली. रोज तिच्यानंतर अर्ध्या तासानं घरात शिरून हा माणूस एकच सांगायचा, 'मोशीला ट्रॅफिक लागलं.'

"कुणाबरोबर फिरत होता? नाव सांगा तिचं."

नवनाथनं मान खाली घातली. "तुझ्याच मागून यायचो. स्टेशनलाच बस सोडायचो. दुकानातला तो रणजीत तुला कुठवर सोडायला येतो, ते बघायचं होतं."

डॉक्टर उगाचच फाईल चाळू लागले.

"दोन वर्षं!" दीपमालाचा आवाज चढला. "दोन वर्षं पाय ओढत माझ्या मागं आलात, आणि सापडलं काय?"

नवनाथनं पडद्यावरच्या जाळ्याकडे बोट केलं.

"हे."