जोह्याचं सलग छत

ट्रकमधल्या उंच गणपतीच्या मुकुटात रस्त्यावर छत म्हणून ताणलेलं निळं प्लास्टिक अडकलं आणि ट्रकबरोबरच पेणच्या दिशेनं निघून गेलं. मनस्वी चिखलातून चार पावलं धावली, मग थांबली. गणपतीला मागून हाका मारणं तिला बरं दिसेना.

आता अख्ख्या जोहे गावावर छत होतं, फक्त मधल्या रस्त्यावर नव्हतं. आणि त्याच रस्त्याकडे तपासनीस रूबेन अष्टमकर छत्री मिटून, मान वर करून, एकेक कारखाना ओलांडत येत होते. फोनच्या दरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयानं त्यांना पाठवलं होतं.

भानगड साधी होती. मनस्वी नोकरीला होती त्या फोन कंपनीनं रोह्यातल्या एका बड्या केमिकल कंपनीला खास स्वस्त दर दिला होता. तो दुसऱ्या कुणी मागू नये म्हणून अट घातली होती: एकाच सलग छताखाली दोनशे फोन. सरकारी कार्यालयानं म्हटलं, घाला अट. पण जो ती पुरी करेल त्याला हाच दर द्यायचा. जोह्यात गणपतीचे कारखाने भरपूर, प्रत्येकात चार-पाच फोन. दुबईचं गिऱ्हाईक सोंड कुठल्या बाजूला ते व्हिडिओवर बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. आणि पावसाळ्यात प्रत्येक दारापुढे प्लास्टिक तर बांधावंच लागतं. मनस्वीनं अट वाचून दाखवली तेव्हा हिरामण मूर्तिकार एवढंच म्हणाला, "मंग जोडून टाकू की." गावानं जोडून टाकलं. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी आणि एक म्हैस असं सगळं आत आलं.

मनस्वीची नोकरी अजून कच्ची होती. या महिन्यात एक तरी बडं गिऱ्हाईक आण, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस, असं तिच्या साहेबानं सांगितलं होतं. तिच्याकडे बडं गिऱ्हाईक म्हणून हे एक गाव होतं, आणि त्याला मधोमध भोक पडलं होतं.

"पुतळीमावशी, ट्रक थांबवायचा ना!"

"थांबवला व्हता गो," गणपतीचे डोळे आखता आखता पुतळी म्हणाली. "पन बाप्पाला काय सांगू, जरा वाक?"

तेवढ्यात रूबेनसाहेब रस्त्याच्या कडेला पोचले. हिरामण हात पुसत पुढे झाला. "साहेब, आलाच हाव तर एक मूर्ती बघून ठेवा."

"आमच्या बेने इस्रायली ज्यू घरात मूर्ती चालत नाही, हिरामण. छत चालतं. ते दाखवा." साहेबांनी पावसाळी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. थेंबाला लपायला जागाच नव्हती. "माझी तपासणी सोपी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडा गेलो, तर छत सलग. एक थेंब पडला, तर नाही."

समोर रस्त्यावर पाऊस कोसळत होता. पलीकडच्या बाजूला अर्धे कारखाने आणि निम्मे फोन होते.

वळणावर एसटीचा भोंगा वाजला. मनस्वीनं विचार केला नाही. दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिली. "पुढे घ्या! अजून! थोडी मागे!" एसटी बरोब्बर भोकात येऊन थांबली. पोरांनी बांबूंनी दोन्हीकडची प्लास्टिकं ओढून गाडीच्या टपावर चढवली.

"चला साहेब," हिरामण म्हणाला. "इकडून चढा, तिकडं डायवरच्या दारातनं उतरा."

"ही एसटी आहे."

"पत्र्याची हाय. रोह्याच्या कंपनीचं छत कशाचं हाय?"

साहेबांनी आठवून बघितलं. तेही पत्र्याचं होतं. ते चढले, मागोमाग मनस्वी. सुकटीची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं पाय आत घेतले. साहेब गाडीच्या मध्यावर पोचले तोच कंडक्टर सखा मशीन घेऊन आडवा आला.

"कुठं?"

"समोर."

"जोहे ते जोहे असं तिकीट निघत नाय. पुढल्या थांब्याचं घ्या."

साहेब मनस्वीकडे वळले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "विनातिकीट मी एसटीत पाऊल टाकत नाही. आणि तिकीट घेतलं, तर हा प्रवास झाला. प्रवास छताखालून होत नाही, वाहनातून होतो. मला तसंच लिहावं लागेल, मुली."

सगळी गाडी सखाकडे बघायला लागली. त्याचा फायदा नव्हता. सखानं एकदा सख्ख्या सासऱ्याला सुट्ट्या पैशांवरून वाटेत गडबच्या थांब्यावर उतरवलं होतं.

"सखादादा," मनस्वी म्हणाली, "तुम्हीच सांगा. ही गाडी आत्ता काय आहे?"

सखानं वर बघितलं. टपावर पाऊस ताडताड वाजत होता. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून निळं प्लास्टिक दिसत होतं, त्याखाली रांगेनं गणपती, आणि एका गणपतीशेजारी म्हैस. पुढे पुतळी ड्रायव्हरच्या हातात चहाचा कप देत होती.

"ओ डायवर, इंजिन चालू हाय?"

"बंद केलाय."

"घंटी मी मारली?"

"नाय."

सखानं मशीन पिशवीत टाकलं आणि बाजूला सरून वाट दिली. "मंग कशाचं तिकीट? लोकांच्या घरात उभं राहायचं मी पैसं घेत नाय."

ड्रायव्हरनं पाय आखडून घेतले. साहेब त्याच्या दारातून पलीकडच्या प्लास्टिकखाली उतरले, टकलावरून हात फिरवला, हात उलटासुलटा करून बघितला आणि मनस्वीला दाखवला. "सलग," ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी ओरडा झाला तो गणपती विसर्जनाला होतो तेवढाच.

सुकटीवाल्या बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ए पुतळे, घर हाय तर आमाला पन चाय आण की गो!"