जपायची झाडं

गुडघे गेले तशी ताईची रानातल्या झऱ्यावरची फेरी सुटली. वडिलांनी रान दोघांच्या नावावर ठेवलेलं, आणि झाडं विकायची की नाही यावरून धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला. यंदा तो आपणहून आला आणि कोयता घेऊन झुडपं साफ करायला लागला. "विकणं राहू दे. तुला झऱ्यापर्यंत वाट करून देतो."

ताई विरघळली. वाट काढताना आपल्या लाडक्या झाडांना कुणाचा धक्का लागायला नको, म्हणून तिने जुनी चादर फाडली आणि काठी टेकत टेकत एकेका बुंध्याला पट्टी बांधली.

"बांध," भाऊ म्हणाला. "झाडांची पारख तुझ्याइतकी कुणाला आहे?"

"पण एवढी रुंद वाट कशाला रे? मी काय हत्तीवर बसून जाणार आहे?"

"उद्या चाकाची खुर्ची लागली तर?"

तिने हसून त्याच्या पाठीत धपाटा घातला.

वाट पुरी झाली त्या सकाळी ती झऱ्यात पाय सोडून बसली होती. मागून त्याच वाटेने ट्रक आला. करवतवाला उतरला आणि पट्टीच्या पहिल्याच झाडापाशी उभा राहिला.

"अहो, ते नाही," ताई घाईने म्हणाली. "त्याला पट्टी बांधलीय ना."

"म्हणूनच तर," तो अदबीने म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय, 'पट्टी दिसेल तेवढीच पाडा. माझ्या बहिणीने पारखून दिलीत.'"