पाठीमागची धाव

हातात कॅमेरा धरून डावीकडून उजवीकडे वळत फोटो काढायचे आणि घरी ते एकमेकांना जोडून पानगळीची अख्खी दरी एका चित्रात आणायची, हा आईचा छंद. धाकटीची त्यात खोडी असायची. ती डाव्या टोकाला उभी राहायची आणि आई वळू लागली की तिच्या पाठीमागून पळत उजवं टोक गाठायची. मग एकाच चित्रात दोन धाकट्या दिसत.

गेल्या पानगळीत ती डाव्या टोकाला हसत उभी होती. उजव्या टोकाला ती पोचलीच नाही. डोळ्यांत तेल घालून शोधलं सगळ्यांनी.

आता आई रोज तिथे येते. वळू लागली की पाठीमागे वाळक्या पानांत पावलं धावतात. मागे पाहिलं की थांबतात. उजव्या टोकाला कुणीच नसतं.

"तुम्हालाही ऐकू येतं ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"येतं," तो खाली बघत म्हणाला. "म्हणूनच सांगतोय, पुरे आता. अशाने तूही हाती लागायची नाहीस."

"आजच्या दिवस. मी फार भरभर वळत असेन हो. दमत असेल ती."

देवाचं नाव घेऊन ती अगदी सावकाश वळू लागली. पावलंही मंदावली. फरफटू लागली. तिच्या अगदी पाठीशी येऊन थांबली.

तिने मागे पाहिलं नाही.

"आई," धापा टाकत कुणीतरी विचारलं, "ते टोक अजून किती लांब आहे गं?"