एकदाच उतरलेली कढई

सकाळी भट्टी पेटायच्या आधीच सरूबाई आणि सुनेची जुंपली.

सरूबाईंचं म्हणणं एवढंच, की ज्या दुकानदारानं आधी सांगितलं त्याचा माल आधी. कुरवंड्यातल्या त्यांच्या शेडमध्ये चिक्की कायम अशीच होई. शेंगदाणा, मग काजू, मग चॉकलेट, पुन्हा शेंगदाणा. प्रकार बदलला की कढई उतरवून घासायची, आणि ती उतरवणार सरूबाईच. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता.

प्रेरणानं आज सगळ्या दुकानांचा माल एकत्र धरला होता. आधी साखरेतला काजू, मग गुळातला शेंगदाणा, चॉकलेट शेवटी. फिक्यावर गडद चालतं, मधे कढई घासावी लागत नाही.

"आन् ज्यानं पैलं सांगितलं, त्यानं काय वाट बघत बसायची?"

"दुपारपर्यंत सगळ्यांचाच माल निघेल, आई. करून तर बघू."

सरूबाई फुगून पाक हलवत राहिल्या. खोकला आला की हात आपोआप बेंबीवर जाई. प्रेरणा डॉक्टरांना विचारून आली होती. बाळंतपणं, धुरानं धरलेला खोकला, रोजची कढईची उचल, यानं पोटाची भिंत सैल होते, आतडं बाहेर येतं, आणि अडकलं तर जिवावर बेततं. हे सगळं तिनं सासूला सांगून झालं होतं. पण दाखवायला जायचं ठरलं, की सरूबाईंची कुठली तरी ऑर्डर आडवी येई.

जेवणवेळेला शेवटची वडी कापून झाली. सरूबाई कढईकडे वळल्या, तोवर त्यांच्या मुलानं, प्रदीपनं ती उचलून नळाखाली नेली होती. आईकडे न बघताच तो घासायला बसला.

प्रेरणा धुतलेलं लुगडं घेऊन समोर उभी राहिली. वडगावचे डॉक्टर चारपर्यंत आहेत, म्हणाली.

सरूबाईंनी शेडभर नजर फिरवली. माल टेम्पोतून गेला होता. ओटा पुसलेला. भट्टी विझलेली. एकसुद्धा काम उरलं नव्हतं.

"म्हंजी यापायी व्हय गं समदं?"

प्रेरणानं लुगडं तेवढं पुढं केलं.

वडगावला निघालेली दोघींची रिक्षा लोणावळ्याकडे उतरत होती. वळणावर खोकल्याची उबळ आली. ती ओसरायच्या आत सरूबाईंनी सुनेचा हात धरला, पदराखाली नेला आणि बेंबीपाशी टेकवला. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी तिथं कधी हात लावू दिला नव्हता.

"हितं बग," त्या हळूच म्हणाल्या. "खोकलं की वर येतं."

प्रेरणानं हात काढला नाही.